गठाणीबरोबर आलेली चित्रे

वऱ्हाडातला कापूस बैलगाड्यांनी खामगावच्या बाजारात, तेथून १८७० साली सुरू झालेल्या जलंब-खामगाव फाट्याच्या आगगाडीने मुंबईकडे, आणि मुंबईच्या बंदरातून आगबोटीने विलायतेला रवाना होत असे, त्याच काळात उलट दिशेने लँकेशायरच्या गिरण्यांचे धोतरजोडे, मलमल आणि मांजरपाट यांच्या गठाणी वऱ्हाडच्या पेठापेठांतून उतरत असत; आणि त्या गठाणीतील ठाणाच्या दर्शनी घडीवर, तळहाताएवढे अथवा त्याहून मोठे, सोनेरी शाईने झळकणारे एक रंगीत चित्र चिकटविलेले असे. कोठे कमळावर उभी असलेली लक्ष्मी, कोठे गाईला टेकलेला कृष्ण, कोठे वाघाच्या शिकारीला निघालेला हत्तीवरचा राजा, तर कोठे नुसता घोडा, मोर किंवा पोपट. व्यापारी या चित्राला टिकट म्हणत, गिऱ्हाईक छाप म्हणे, आणि ज्याला अक्षरओळख नव्हती असा शेतकरीही दुकानाच्या पायरीवरून आपल्याला हवा तो माल या छापावरून निःशंकपणे मागून घेई. कापड घरी गेले, फाटले, त्याच्या चिंध्या झाल्या. टिकट मात्र कोणी देव्हाऱ्याच्या मागे भिंतीला लावले, कोणी मुलाच्या हाती दिले, आणि बहुतेकांनी फेकून दिले.

जगातल्या संग्राहकांच्या बाजारात आज ज्या कागदांना हिरेमाणकांची किंमत येते त्यांतले कित्येक कागद मूळचे याच जातीचे आहेत, म्हणजे मालाबरोबर फुकट आलेले. आणि आपल्याकडचे तसलेच कागद, केवळ त्यांची मोजदाद कोणी केली नाही एवढ्याच कारणाने, रद्दीच्या भावाने जात आहेत. माझ्या मते संग्राहकाने आपले लक्ष एखाद्या सुप्रसिद्ध दुर्मिळ नगावर न ठेवता संपूर्ण मालिकेवर आणि प्रत्येक नगाच्या ठावठिकाण्यावर ठेवावे. कारण खरा उपेक्षित ठेवा तेथे आहे, आणि तो मिळवण्यासाठी श्रीमंतीची गरज नाही.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ लोकांच्या किती जिव्हाळ्याचा आहे हे आपल्याला क्रिकेटवरून सहज समजेल. तेथील तंबाखूच्या कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सिगारेटच्या पाकिटात एक लहानसे जाड कार्ड घालण्यास आरंभ केला. पाकीट दबू नये हा त्याचा एक उपयोग होता. पण त्या कार्डावर खेळाडूची छबी छापली की गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा घेते, हा त्याहून मोठा उपयोग होता. १९०९ ते १९११ या अवधीत अमेरिकन टोबॅको कंपनीच्या पाकिटांतून जी मालिका बाहेर पडली तीत सुमारे सव्वापाचशे कार्डे आहेत, आणि संग्राहक तिला टी-२०६ या क्रमांकाने ओळखतात. तिच्यातील होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड त्याच्याच हरकतीमुळे लवकर बंद झाले; ती हरकत तंबाखूविषयीच्या तिटकाऱ्यातून आली की मोबदल्याच्या वादातून, याबद्दल आजही दोन मते आहेत. त्या कार्डाची एक प्रत २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीने १९५२ साली काढलेले मिकी मँटल याचे एक कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरला, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे शंभर कोटी रुपयांना गेले. १९५२ च्या या मालिकेतील उत्तरार्धाची कार्डे त्या वेळी खपली नव्हती, आणि गुदामात अडगळ झाली म्हणून पुढे १९६० च्या सुमारास बोटीवर लादून ती अटलांटिक महासागरात बुडविण्यात आली, असे त्या कंपनीचे साय बर्गर यांनीच सांगून ठेवले आहे.

असल्या आकड्यांनी सामान्य वाचकाचे डोळे दिपतात आणि संग्रह हा कुबेराचा खेळ आहे असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः त्याच १९०९-११ च्या मालिकेतील अप्रसिद्ध खेळाडूंची, लहान गावांच्या संघांतून खेळलेल्यांची कार्डे, त्याच दगडावर त्याच शाईने छापलेली असूनही, वॅग्नरच्या तुलनेत क्षुल्लक किमतीला मिळतात. १९११ ची सोनेरी काठाची मालिका, जिचा काठ किंचितशा घर्षणानेही उडतो आणि म्हणून जिची निर्दोष प्रत मिळणे फार कठीण, तिला तिच्या भावंडाइतका मान नाही. बोमन कंपनीने १९५३ साली काढलेली रंगीत छायाचित्रांची मालिका तर, दर्शनी बाजूस नाव नाही, जाहिरात नाही, केवळ माणूस आणि मैदान, अशी विलक्षण देखणी असून ती टॉप्सच्या सावलीत राहिली. जाणते संग्राहक अशाच मालिका शोधतात. याउलट १९८० नंतरच्या दशकात ही कार्डे म्हणजे गुंतवणूक अशी हाकाटी झाली, कंपन्यांनी ती प्रचंड संख्येने छापली, लोकांनी खोकीच्या खोकी न फोडता राखून ठेवली, आणि परिणामी त्या काळातील बहुतेक कार्डांना आज कोणी विचारत नाही. म्हणजे जे राखण्यासाठी छापले त्याची किंमत गेली, आणि जे टाकून देण्यासाठी छापले त्याची वाढली.

या सर्व शास्त्राचा पाया घालणारा गृहस्थ धनिक नव्हता. जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूस शहरात विजेची उपकरणे जोडणाऱ्या कारखान्यातील कामगार होता, संधिवाताने त्याची बोटे आखडत चालली होती, आणि बेसबॉलचा तो फारसा शौकीनही नव्हता. त्याला ध्यास होता तो मालाबरोबर येणाऱ्या छापील कागदांचा. कार्डे, लेबले, पोस्टकार्डे, जाहिरातीचे तक्ते असे जे मिळेल ते त्याने गोळा केले, त्यांची सूची केली, प्रत्येक मालिकेला क्रमांक दिला. टी-२०६ हे नाव त्याच्याच सूचीतले. त्या सूचीत वॅग्नरच्या कार्डाची किंमत पन्नास डॉलर लिहिली होती आणि तीच सर्वांत मोठी होती. तीन लाखांहून अधिक नगांचा तो संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला, आणि आयुष्याची अखेरची वर्षे तेथे बसून, दुखऱ्या हातांनी, ते कागद वह्यांमध्ये लावण्यात घालविली. काम संपल्यावर थोड्याच आठवड्यांत, १९६३ साली, तो वारला. बेसबॉलच्या कार्डांना आज जी किंमत आहे ती बव्हंशी या सूचीतून जन्मली, असे मला निश्चित वाटते. कारण मालिकेत एकूण नग किती हे ठाऊक झाल्याशिवाय आपल्याकडे काय नाही हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय शोधाला आरंभ होत नाही.

आता परत वऱ्हाडात, पैनगंगेच्या काठी येऊ. मेहकर हा कसबा जुना आहे. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकर सरकारची नोंद आहे, आणि येथील मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते की गावाचा कोट बांधण्याचे काम त्यांनी आपल्या शिरावर घेतले, असे गॅझेटियरमध्ये नमूद आहे. पेंढाऱ्यांचा उपद्रव आणि १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ यांनी या भरभराटीला पहिला धक्का दिला. त्यातून जे माग उरले त्यांना दुसरा धक्का बसला तो स्वस्त विलायती कापडाचा. म्हणून त्या कापडावरील टिकटांकडे मेहकरच्या माणसाने पाहावे ते निव्वळ सुंदर चित्र म्हणून नव्हे. ज्या गावात धोतरे विणली जात त्याच गावात, आपल्याच देवतांच्या चित्रांचे मुद्रांक लावून, परक्या गिरण्यांची धोतरे विकली गेली. आणि विणकराच्या मागाची बखर कोणी लिहून ठेवली नसली तरी ज्या मालाने तो माग बंद पाडला त्या मालाची ओळखपत्रे अद्याप कोठे कोठे शिल्लक असण्याचा संभव आहे. रेल्वे मेहकरला कधीच आली नाही. माल येई तो गाड्यांनी, आडत्यांच्या आणि मुनीमांच्या मार्फत, आणि तो आला त्याचा पुरावा या कागदांखेरीज दुसरा फारसा सापडत नाही.

ही टिकटे बहुधा मँचेस्टरात छापली जात. त्यांची कृती समजून घेण्यासारखी आहे, कारण खरे-खोटे ओळखण्याची किल्ली तीतच आहे. बव्हेरियातील सोल्नहोफेन येथे एक अत्यंत बारीक कणांचा चुनखडक मिळतो. त्याच्या गुळगुळीत केलेल्या शिळेवर कारागीर तेलकट शाईने चित्र काढी, शिळा ओली करी, आणि छपाईची शाई केवळ तेलकट भागालाच धरीत असल्यामुळे तेवढेच चित्र कागदावर उतरे. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागे. आठदहा रंगांचे चित्र म्हणजे तोच कागद आठदहा वेळा, केसभरही न हलता, दाबाखाली जाणे. गुलाबी गालाची छटा देण्यासाठी कारागीर हाताने ठिपके टिंबीत बसे. म्हणून जुन्या टिकटावर भिंग धरले असता ठिपके लहानमोठे, अनियमित, हाताने घातलेले दिसतात. आणि आजच्या यंत्रावर काढलेल्या नकलेवर भिंग धरले तर चार रंगांच्या समान ठिपक्यांची चक्राकार जाळी स्पष्ट दिसते. शेवटी सोनेरी शाई, काही टिकटांना उठावाचा ठसा, काहींना आकाराप्रमाणे कापलेली कड. एवढे श्रम एका ठाणाच्या शोभेसाठी होत, कारण छापाची नक्कल करून दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपविण्याचे प्रकार पुष्कळ होत. इंग्लंडात १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा आणि हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील चिन्हांचा कायदा झाला, त्यामागे कापडाच्या या व्यापाराचा दाब होता.

पुढे देशी गिरण्यांनीही हीच रीत उचलली. रॅली ब्रदर्ससारख्या विलायती पेढ्यांची टिकटे आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांची टिकटे समोरासमोर मांडली तर एका बाजूस राणी आणि दुसऱ्या बाजूस चरखा किंवा भारतमाता, असा स्वदेशीचा सबंध इतिहास चित्ररूपाने दिसू लागतो. पण हे एका टिकटावरून दिसत नाही. त्याला मालिका लागते. या कारणासाठी मी म्हणतो की फाटक्या कडेचे, साध्या पोपटाचे, कोणत्याही ख्यातनाम चित्रकाराचे नाव नसलेले टिकटही सोडू नये. राजा रविवर्मा यांच्या नावाची प्रभा मोठी आहे. १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या त्यांच्या छापखान्याच्या जुन्या चित्रांना आज चांगले मोल येते; तो छापखाना १९७२ साली जळाला, त्यामुळे ते मोल अधिकच चढले. पुण्याच्या चित्रशाळेची, १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी काढलेल्या त्या छापखान्याची चित्रे त्यामानाने मागे राहिली, आणि टिकटे तर त्या दोहोंच्याही मागे. मँटलच्या कार्डासमोर बोमनच्या मालिकेची जी स्थिती, तीच ही.

काडेपेटीची लेबले हा दुसरा उपेक्षित ठेवा. स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपान येथून येणाऱ्या काडेपेट्यांवर आपल्या देवदेवता, राजेरजवाडे आणि पशुपक्षी छापून येत. १९२२ साली आयात काड्यांवर जबर जकात बसली, तेव्हा स्वीडनच्या मक्तेदारांनी १९२३ साली येथेच वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापून अंबरनाथला कारखाना काढला. जकातीचा एक हुकूम आणि त्यापायी लेबलावरील देशाचे नाव बदलणे, असा राजकारणाचा आणि दोन इंच कागदाचा संबंध या लेबलांत पाहावयास मिळतो. शिवाय ती अजूनही स्वस्त आहेत, आणि शाळकरी मुलालाही परवडावीत अशी आहेत. कोल्हापूरचे चित्रकार म. वि. धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील नानाविध व्यवसायांच्या स्त्रीपुरुषांची चित्रे काढली. त्यांची पोस्टकार्डे निघाली. त्यांना टिकटांपेक्षा बरा भाव आहे, परंतु मागील बाजूचा मजकूर, पत्ता, टपालाचा शिक्का यांकडे अजून कोणी पुरेसे पाहत नाही. कोरे कार्ड अधिक स्वच्छ म्हणून अधिक मोलाचे, ही समजूत मला मान्य नाही. वऱ्हाडातल्या एखाद्या टपालकचेरीचा शिक्का असलेले कार्ड आपण कोठून कोठे गेलो हे स्वतःच सांगते.

क्रिकेटच्या कार्डांविषयी थोडक्यात. विल्स कंपनीने १८९६ साली इंग्लंडात पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली, आणि आपल्या रणजितसिंहजींची छबी त्या काळच्या सिगारेटच्या पाकिटांतून इंग्लंडभर फिरली. १९३० ते १९३९ या दशकातील प्लेयर्स कंपनीचे पन्नास पन्नास कार्डांचे संच फार मोठ्या संख्येने छापलेले असल्यामुळे आजही बेताच्या किमतीत पूर्ण मिळतात. आपल्या मुलांच्या हाती खेळाडूंची कार्डे खऱ्या अर्थाने आली ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, बिग फन नावाच्या बबलगमबरोबर. त्या कार्डांवर खेळाडूच्या चित्रासोबत धावा किंवा बळी छापलेले असत, आणि ठरावीक बेरीज जमवून कार्डे परत दिली की बक्षीस मिळे. या योजनेचा परिणाम असा झाला की ज्या मुलाने कार्डे सर्वांत चिकाटीने जमविली त्याच्याच हातून ती गेली. १९८७ च्या विश्वचषकाचा तो काळ. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात, म्हणजे ज्या शहरात १८९५ साली त्याच दिवशी सी. के. नायडूंचा जन्म झाला तेथे, चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध तीन लागोपाठच्या चेंडूंवर तीन गडी त्रिफळाचीत केले आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातले आपले एकमेव शतक काढले. विदर्भातील ज्या पिढीने तो दिवस पाहिला तिच्या जुन्या कंपासपेट्यांत आणि वह्यांत ही कार्डे असू शकतात. आजमितीस त्यांना नाव घेण्याजोगा भाव नाही. त्यांची सूची करण्यास हाच समय योग्य आहे, कारण ज्यांनी ती हाताळली ती माणसे हयात आहेत आणि त्यांना आठवते.

ठावठिकाण्याचे महत्त्व मेहकरकरांना मी वेगळे सांगावे असे नाही. येथील शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून वर आली, आणि सरकारने ती हलविण्यापूर्वीच गावकऱ्यांनी तिची प्रतिष्ठापना केली, अशी परंपरा गावात सांगितली जाते. ती मूर्ती परदेशातल्या एखाद्या दालनात उभी असती तरी शिल्प म्हणून तिचे कौतुक झालेच असते. परंतु ती मेहकरची राहिली नसती. कागदाच्या बाबतीतही हेच घडते. टिकट मुंबईच्या व्यापाऱ्याच्या हाती गेले की ते ‘जुने कापडी लेबल, लक्ष्मी’ एवढेच उरते. अमक्या पेठेतल्या अमक्या दुकानाच्या माळ्यावर, अमक्या सालच्या वहीत ठेवलेले मिळाले, ही नोंद सोबत असली तर त्याच कागदाचा दस्तऐवज होतो. त्या दुकानाची रोजकीर्द किंवा खतावणी हाती लागली, मग ती मोडीत का असेना, आणि तीत छापाच्या नावाने मालाची नोंद आढळली, तर त्या टिकटाचा काळ आणि त्या कापडाचा भाव दोन्ही निश्चित करता येतील. संग्रहातले हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते खेड्यापाड्यांत व तालुक्याच्या गावांतच होऊ शकते. शहरातील लिलावघराला ते साधणार नाही.

आपल्याकडे अशा माणसाचा आदर्श नाही असे नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, पेट्या, दरवाजे असल्या घरगुती वस्तू जमविण्यास सुरुवात केली, गावोगाव हिंडून वाड्यांच्या अडगळीतून त्या सोडविल्या, आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंना तेव्हा मोडीचा भाव होता त्यांच्यापुढे आज लोक तिकीट काढून उभे राहतात. कागदाला असा केळकर मिळावयाचा आहे.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. चिकटपट्टी कदापि लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि निघत नाही. प्लास्टिकचे लॅमिनेशन म्हणजे त्या कागदाचा शेवटच समजावा. वहीला डकवलेले टिकट पाण्यात भिजवून सोडविण्याचा मोह टाळावा, कारण सोनेरी शाई सुटते. वहीचे पानच जपावे. कडा कापून नीट करू नयेत. वऱ्हाडातला उन्हाळा कागद ठिसूळ करतो आणि पावसाळा त्याला बुरशी आणि कसर लावतो, म्हणून लोखंडी पेटीपेक्षा कोरड्या भिंतीलगतचे लाकडी कपाट बरे, आणि प्रत्येक नगाला आम्लरहित कागदाचे स्वतंत्र पाकीट. पाकिटावर शिसपेन्सिलीने मिळाल्याची तारीख, गाव, दुकान किंवा घर, सोबत काय होते, आणि देणाऱ्याने काय सांगितले एवढे लिहावे. देणाऱ्याची परवानगी असेल तरच त्याचे नाव घालावे. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होऊ शकतो आणि पुरावशेष परदेशी पाठविण्यास खाजगी व्यक्तीला मनाई आहे, हे परदेशी ग्राहकाच्या पत्राला उत्तर देण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. दुहेरी नग विकण्यापेक्षा दुसऱ्या संग्राहकाशी बदलावेत, म्हणजे दोघांच्याही मालिका पुढे सरकतात.

आणि हे सर्व करावयाचे ते दिवाळीच्या आधी, कारण माळे आणि फडताळे तेव्हाच झाडली जातात आणि रद्दीवाल्याची गाडीही तेव्हाच दारात उभी राहते. मेहकर, खामगाव, मलकापूर, चिखली, देऊळगाव राजा या पेठांतल्या ज्या घरांतून पूर्वी कापडाचा किंवा किराण्याचा व्यापार चालत असे, तेथील मंडळींनी यंदा जुन्या वह्यांचा गठ्ठा बाहेर काढताना तो दोरीने बांधण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावा, आणि वहीच्या आत, पाठीवर किंवा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटविलेले चित्र दिसले तर ते फाडून न घेता ती वही बाजूला काढून ठेवावी.